मुंबईत अर्धाच दिवस आहे: गेटवे की मरीन ड्राइव्ह?

आधी घड्याळ बघा. गेटवेचं तोंड पूर्वेच्या समुद्राकडे, मरीन ड्राइव्हचं पश्चिमेकडे. सकाळ मोकळी असेल तर गेटवे, संध्याकाळ असेल तर मरीन ड्राइव्ह. भर दुपारी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर सावली शोधून सापडत नाही, आणि गेटवेला सूर्य मावळतो तो इमारतींच्या आड.

वास्तुकला आणि कला बघायची असेल तर निःसंशय गेटवे. जॉर्ज विटेटने रचलेली ही २६ मीटर उंचीची कमान १९२४ साली खुली झाली. पिवळसर बेसॉल्टमधलं कोरीवकाम लांबून कळत नाही, जवळ जाऊन जाळ्या निरखा. चौकातून सकाळी फोटो काढलात तर कमान काळी येते, कारण उजेड तिच्या मागून असतो. शेजारच्या ताज हॉटेलच्या दर्शनी भागावर मात्र तेव्हाच ऊन असतं.

तिथून दहा-बारा मिनिटं चाललं की काळा घोडा, कलादालनांचा परिसर. वाटेत १९३३ चं रीगल चित्रपटगृह आणि विटेटनेच रचलेलं वस्तुसंग्रहालय लागतं. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडलं तो ब्रिटिश राजा सातवा एडवर्ड १९६५ पासून भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. आता चौकात आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वार नसलेला घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत. सोमवारी मात्र समोरचं आधुनिक कला संग्रहालय बंद, गेटवेहून बोटीने जातात ती घारापुरीची लेणीही बंद. तो वार टाळाच.

मरीन ड्राइव्हला कलाकृती जवळपास नाहीत. तिथे जायचं ते समुद्रासाठी. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर हीच जागा बरी: बसायला लांबलचक कट्टा, आणि गेटवेसारखी तपासणीची रांग नाही. टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर, उतरू नका, शेवाळाने पाय घसरतो आणि फटी खोल असतात. पावसाळ्यात भरतीची वेळ बघून निघा. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की लाटा थेट पदपथावर येतात.

इथल्या आर्ट डेको, म्हणजे १९३०-४० च्या दशकांतल्या शैलीच्या, इमारतींचे गोलसर कोपरे आणि खिडक्यांवरचे सलग छज्जे बघण्यासारखे आहेत, पण बऱ्याच बाल्कन्या बंद केल्याने मूळ रेषा हरवल्या आहेत. तोच काळ नीट वाचायचा तर ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू गाठा. समोर राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली टोकदार कमानींची गॉथिक शैली आणि डेको मैदानाच्या दोन काठांवर. २०१८ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे.

इथे रिक्षा नाहीत, टॅक्सी किंवा बस. दिवस पूर्ण मिळाला तर सकाळी गेटवे, दुपारी काळा घोडा, मग ओव्हल ओलांडून चर्चगेटमार्गे सूर्यास्ताच्या तासभर आधी कट्ट्यावर.