जुनी बेस दुरुस्त करायची, की ऑनलाइन वापरलेली घ्यायची?

सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलेली माझी बेस गिटार यंदाच्या पावसाळ्यात हट्टाला पेटली. तारा मधोमध उंच झाल्या, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) खाली घेतला की बाराव्या फ्रेटच्या (धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे खरखर. त्याच आठवड्यात बेंगळुरूच्या एका वादकाने वापरलेली स्क्वायर (फेंडर कंपनीचा स्वस्त ब्रँड) जॅझ बेस विकायला काढलेली ऑनलाइन दिसली. दोन आठवडे मी दोन्हींचा हिशोब मांडत होतो. तुम्हीही अशाच पेचात असाल, तर माझा सल्ला सुरुवातीलाच सांगतो: आवाजाचा विचार नंतर करा, आधी नेक, म्हणजे फ्रेट बसवलेला लांब दांडा, बघा. पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारा भाग) बदलता येतं, पॉट (नॉबखालचा भाग) बदलता येतो, तारा तर बदलायच्याच असतात. नेक गेली की बेस गेली.

जुन्या बेसची नेक घरी तपासता येते. बेस सुरात लावा. सगळ्यात जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते बघा. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, तर नेक ठीक आहे. माझ्या बेसमध्ये तीन कार्डं आरामात गेली. एवढ्याने घाबरायचं नाही, कारण त्यासाठीच नेकच्या आत ट्रस रॉड, म्हणजे तिचा बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई, असते. पाव-पाव फेरा फिरवत नेक सरळ करता येते. पण माझ्या रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला निघाला. जबरदस्ती केली असती तर रॉडच तुटला असता. कारागिराने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘गरम करून दाबून सरळ करतो, पण पुढच्या पावसाळ्याची हमी देत नाही.’ नेकला पीळ पडला असेल, म्हणजे ई तारेकडची बाजू एकीकडे आणि सगळ्यात बारीक जी तारेकडची दुसरीकडे गेली असेल, तर साधा ट्रस रॉड काहीच करू शकत नाही.

हीच तपासणी ऑनलाइन बेसची करायची, तर विकणाऱ्याला त्रास द्यावा लागतो, आणि तो द्यावाच. तारा दाबून धरलेल्या अवस्थेतला बाजूने काढलेला फोटो मागा. ब्रिजकडून हेडस्टॉककडे (खुंट्या असलेल्या टोकाकडे) नजर टाकणारा फोटो मागा, पीळ तिथेच दिसतो. पहिल्या पाच फ्रेटचा तिरप्या उजेडातला जवळचा फोटो मागा. तारेखाली खाचा दिसल्या तर फ्रेटमध्ये घासून समतल करण्याइतकी उंची उरली आहे का, हे विचारा. हेडस्टॉकवरचा सिरियल नंबर आणि ट्रस रॉड अजून किती फिरतो हेही विचारा. चांगला वादक यातल्या कशालाच नाराज होत नाही. जो फक्त बॉडीच्या चकाकीचे फोटो पाठवतो, त्याच्याकडून मी घेणार नाही.

व्हिडिओ तर हवाच: चारही तारा, प्रत्येक फ्रेट, सावकाश, मध्ये न कापता. तो हेडफोन लावूनच ऐका. मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, मोबाइलच्या स्पीकरला तो मूळ सूर पेलतच नाही. हेडफोनवर मेलेला सूर आणि खरखर लगेच कळते. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लवकर विरतो, हे मात्र चांगल्या बेसमध्येही आढळतं. तेवढ्यावरून सौदा मोडू नका.

आता आवाज. माझी जुनी बेस प्रिसिजन पद्धतीची. फेंडरने ही बेस १९५१ मध्ये आणली, फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून ते नाव. दोन तुकड्यांत विभागलेलं तिचं पिकअप १९५७ चं. ते विजेची गुणगुण स्वतःच मारतं आणि ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड यांच्या गर्दीतही खालचा सूर जागा धरून राहतो. जॅझ बेस १९६० ची. तिचा नट (हा स्क्रूचा नव्हे, नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) साधारण ३८ मिलिमीटर रुंद, प्रिसिजनपेक्षा अरुंद, त्यामुळे पट्ट्या बदलत पळणाऱ्या जुन्या हिंदी गाण्यांच्या ओळी बोटांना सोप्या जातात. आवाज मोकळा, वरच्या बाजूला जास्त बोलका. उणीव एकच: दोन्ही पिकअप पूर्ण उघडी असतील तर गुणगुण एकमेकांना खोडते, एक कमी केलं की मंगल कार्यालयातल्या लाइटच्या डिमरची गुणगुण स्पीकरमधून ऐकू येते. मला हे चालतं. ज्याला दर गाण्याला नॉब फिरवायची सवय आहे, त्याने आधी विचार करावा.

ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली) घेत असाल तर ९ व्होल्टची बॅटरी संपल्यावर ती वाजते की गप्प होते, हे विचारून घ्या. वजन आणि रंगाचं तुम्ही बघा.

पैशांच्या हिशोबात लोक एक चूक करतात. तारा, जॅक, खरखरणारे पॉट आणि सेटअप (तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं) यांचा खर्च जुन्या बेसच्या खात्यात टाकतात. वापरलेल्या बेसलाही हे सगळं करावंच लागतं. तेवढं दोन्हीकडून वगळा आणि नेक व फ्रेटचंच काम वापरलेल्या बेसच्या किमतीसमोर ठेवा. माझ्याकडे तो आकडा निम्म्याच्या वर गेला, तोही हमीशिवाय. तुमची नेक सरळ असेल आणि फ्रेटला उंची असेल, तर मात्र दुरुस्तच करा. हाताला बसलेली बेस ऑनलाइन सापडत नाही.

राहिला प्रवास. पूर्वी एकदा मागवलेली बेस पोचली तेव्हा नेक जिथे बॉडीत बसते तिथेच तडा गेला होता. तेव्हापासून मी विकणाऱ्याला चार स्क्रू काढून नेक वेगळी, तारा सैल करून पाठवायला सांगतो. नेक चिकटवलेली आणि हेडस्टॉक मागे झुकलेला असेल, तर कुरिअरच्या भरवशावर मी मागवणारच नाही. बेंगळुरूला मी रात्रीच्या बसनेच गेलो. केबल, ट्यूनर, षटकोनी पाने सोबत. तासभर वाजवली, ट्रस रॉड पाव फेरा फिरवून पाहिला, तो सहज फिरला. घेतली.

जुनी अजून भिंतीला आहे. नवीवर दोन सुपाऱ्या व्यवस्थित वाजल्याशिवाय ती मी विकायला काढणार नाही, आणि तुम्हीही काढू नका.