आधी कम्युनिटी कॉलेज की थेट यूसी?

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतली भाची एका निर्णयावर अडली आहे. आंतरराष्ट्रीय अभ्यास हा विषय पक्का, पण पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) काढावीत की थेट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) गाठावी?

पैशांचा हिशेब सोपा. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे (म्हणजे एका श्रेयांकामागे) 46 डॉलर, म्हणजे ट्रान्स्फरला, तिथून विद्यापीठात जायला, लागणारी 60 युनिट्स 2,760 डॉलरांत. यूसीत एका वर्षाचीच फी 14,000 च्या वर. (भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी या 46 वर भुलू नये, त्यांना कित्येक पट जास्त पडतात.)

डोकेदुखी ट्रान्स्फरची. यूसीचे 6 कॅम्पस अटी पाळल्यास हमीचा प्रवेश देतात, तोही एकाच कॅम्पससाठी आणि ठरावीक विषयांना. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत.

खरी गोम भाषेत. या विषयाला परकीय भाषा लागतेच. छोट्या कॉलेजात स्पॅनिश हमखास मिळते. अरबीच्या वरच्या वर्गाला विद्यार्थी जमले नाहीत तर तो रद्दही होतो. विद्यापीठात ती धास्ती कमी.

घरी राहून, स्पॅनिश घेऊन, खर्च वाचवायचा असेल तर कम्युनिटी कॉलेज. अरबी किंवा फारसीच हवी आणि आर्थिक मदत मिळत असेल, तर थेट यूसी. भाचीला स्पॅनिश आवडते, हे तिच्या आईला अजून माहीत नाही.