डिस्क प्लेअर, ॲम्प्लिफायर आणि एक घुमणारा आवाज: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

प्लेअर घेतल्यानंतर पाचव्या महिन्यात सेवा केंद्राच्या माणसाने माझ्या ॲम्प्लिफायरचा बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आणि खर्चाचा जो आकडा कागदावर लिहून दिला, त्यात दुसरा चांगला वापरलेला ॲम्प्लिफायर आला असता. बोर्डात काहीही दोष नव्हता. हा खर्च इतर कोणाच्या माथी पडू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझी जोडणी साधी होती. प्लेअरवरून चित्र एचडीएमआयने टीव्हीला आणि आवाज लाल-पांढऱ्या तारांनी स्टिरिओ ॲम्प्लिफायरला जात होता. ॲम्प्लिफायरवर फोनो असे लिहिलेल्या जागी प्लेअर कधीही जोडू नये, कारण ती जागा तबकडीच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असते आणि प्लेअर जवळपास २ व्होल्ट देतो. ही काळजी मी घेतली होती. पहिले चार महिने आवाज इतका स्वच्छ होता की प्लेअरबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती.

त्यानंतर एका रात्री दोन गाण्यांमधल्या शांततेत स्पीकरमधून बारीक, सलग घूं असा आवाज ऐकू आला. एकदा तो कानात बसला की संगीताकडे लक्षच लागत नाही. डिस्क थांबवली तरी तो होता, प्लेअर बंद केला तरी होता, आणि लाल-पांढऱ्या तारा काढल्या की नाहीसा होत होता. सेवा केंद्राच्या माणसाला हे मी दोनदा सांगितले, पण त्याने एकही तार न हलवता बोर्डावर बोट ठेवले, याचा मला आजही राग आहे.

तो गेल्यावर मी एकेक तार काढून पाहिली. एचडीएमआय काढली तेव्हा शांतता झाली. ती परत लावली आणि टीव्हीच्या मागची केबल टीव्हीची तार काढली, तेव्हाही शांतता झाली. त्या तारेचे धातूचे टोक टीव्हीच्या खाचेपासून बोटभर दूर धरले की स्पीकर गप्प होत, आणि नुसते टेकवले की घूं सुरू होई. केबल टीव्ही त्याच महिन्यात घेतला होता, हे तेव्हा लक्षात आले. त्या तारेचे बाहेरचे वेष्टण एका ठिकाणी जमिनीशी जोडलेले असते आणि ॲम्प्लिफायर घराच्या अर्थिंगला, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी. या दोहोंमधल्या किंचित विद्युतदाबाच्या फरकामुळे टीव्ही, प्लेअर आणि लाल-पांढऱ्या तारा यांमधून प्रवाह फिरतो, आणि विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा तो गुंजारव ॲम्प्लिफायर मोठा करून ऐकवतो. यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया मानू नये, कारण ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

मी ऑप्टिकल तार आणली. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो, त्यामुळे प्रवाहाचे वर्तुळच तुटते. टोकांवरच्या पारदर्शक टोप्या काढून ती खटकन बसवली आणि आवाज पूर्ण उंचावर नेला, तरी स्पीकरमधून घूं आला नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या डिजिटल आवाजावर ठेवावे लागले, कारण डीव्हीडीवरचा डॉल्बी पद्धतीने दाबलेला आवाज उलगडण्याची सोय साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये नसते. डिजिटल आकड्यांपासून आवाजाचा विद्युत संकेत बनवणारे प्लेअरमधले रूपांतरक ॲम्प्लिफायरमधल्यापेक्षा सरस असतील, या समजुतीने मी सुरुवातीला ऑप्टिकल टाळली होती. ते मत आता बदलले आहे. सीडीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज दोन्ही मार्गांनी मला सारखाच लागतो.

मात्र दोन महिन्यांनी एसएसीडी, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणाची डिस्क लावली आणि ऑप्टिकलमधून काहीच ऐकू आले नाही. त्या डिस्कवरचा डीएसडी या वेगळ्या डिजिटल पद्धतीतला आवाज त्या मार्गाने पाठवला जात नाही. संकरित डिस्कवर (जिच्यात एसएसीडीबरोबर साध्या सीडीचाही थर असतो) सीडीचा थर निवडला की आवाज येतो, पण मग एसएसीडी घेण्याचा उपयोग काय? म्हणून लाल-पांढऱ्या तारा पुन्हा लावल्या आणि केबल टीव्हीच्या तारेत अंगठ्याएवढा विलगक बसवला, जो चित्राचे संकेत जाऊ देतो पण धातूचा सलग संबंध तोडतो. तेव्हापासून दोन्ही मार्ग शांत आहेत. हाच विलगक आधी बसवला असता तर ऑप्टिकल तारेचा खर्चही वाचला असता.

प्लेअरवर मी समाधानी आहे. सेवा केंद्राने घेतलेले तपासणीचे शुल्क मात्र मी दोन वेळा लेखी मागूनही परत मिळालेले नाही, आणि तिसरे पत्र मी आज सकाळी पाठवले आहे.