फेणीचा वास आणि आईचा अंगठा

फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या उत्सवात सादर झालेले हे दोन अंकी मराठी नाटक. मंडळ हौशी, संहिता नवी. मंडळाचे नाव मुद्दाम घेत नाही. यातले बहुतेक दोष दोन-तीन तालमींत निघण्यासारखे आहेत आणि पुढचे प्रयोग व्हायला हवेत.

विषय अस्सल इथला. वडील वारलेत, घर विकायचेय आणि कागदावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. थोरला लिस्बनला, मुलगी बेळगावला, धाकटा घरात. गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, शिवाय जावयाची सहीसुद्धा लागते, आणि हा जावई तर लग्नातल्या मानपानावरून अजून रुसलेला. पहिला अंक या धावपळीचा फार्स आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर अर्धी मालमत्ता बायकोचीच असते, ही गोष्ट मात्र आईला कुणी सांगितलेली नाही. दुसरा अंक तिथून सुरू होतो.

विनोद आणि गांभीर्य यांचा सांधा लेखकाने एका शाईच्या पॅडवर घेतलाय, आणि तो उत्तम बसलाय. पहिल्या अंकात पॅड सुकलेला निघतो, धाकटा त्यावर फेणी ओततो, मांडव खदखदून हसतो. दुसऱ्या अंकात तोच पॅड आईपुढे सरकवला जातो. ती अंगठा टेकवते, उचलते, नाकाशी नेते. पुढच्या रांगांत हसू फुटते आणि अर्ध्यावरच थांबते, कारण ती म्हणते, तुझ्या बापाच्या तोंडाला हाच वास यायचा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त तळीरामाचा विनोद आणि सुधाकराचा नाश एकाच बाटलीतून निघतात, इथली रीत त्याच घराण्यातली. तियात्राची, म्हणजे गोव्यातल्या कोकणी लोकप्रिय नाट्यप्रकाराची, गोष्ट वेगळी. तिथे विनोदी प्रवेश आणि कांतारां (मधली गाणी) यांची जागा ठरलेली असते, गंभीर कथा तेवढा वेळ थांबते आणि प्रेक्षकाची त्याला हरकत नसते. या नाटकाने तो सोपा मार्ग घेतला नाही.

भाषेचा वापरही हुशारीचा. आपल्याकडच्या मराठी नाटकांत गडी किंवा शेजारी कोकणी बोलू लागला की हशा ठरलेलाच. इथे आई दीड तास साधी मराठी बोलते आणि नेमकी कागदापाशी कोकणीत उतरते: “पयलीं वाचून दाखय म्हाका.” कुणी हसत नाही.

आता बिघडते कुठे? पहिल्यांदा हशाच्या हिशेबात. हशा चढून उतरू लागला की पुढचे वाक्य सुरू करायचे. पूर्ण विरेपर्यंत थांबले तर प्रसंग थंड होतो, शिखरावरच बोलले तर वाक्य जाते. धाकट्याचे काम करणारा नट घाईत तीनदा शिखरावरच बोलला. त्यात ‘आईला काही सांगू नका’ हे वाक्य बुडाले, आणि दुसऱ्या अंकाचा पाया तर तेच आहे. असे वाक्य हशाच्या आधी घ्यावे, नाहीतर शांत झाल्यावर दुसऱ्या पात्राकडून पुन्हा वदवून घ्यावे.

दुसरा दोष प्रकाश आणि कीबोर्डचा. आई पॅड नाकाशी नेण्याआधीच दिवे निळे होतात आणि करुण सूर सुरू होतो. म्हणजे आता रडायचे आहे, अशी दवंडीच. पिवळा उजेड तसाच ठेवा, संगीत काढून टाका, आणि तिच्या वाक्यानंतर तीन-चार सेकंद कुणी हलू नका. एवढेच पुरे.

तिसरा दोष सगळ्यांत महाग. कोकणी वाक्यानंतर चारच मिनिटांत रुसलेला जावई धोतर सावरत येतो आणि टाळ्या घेऊन जातो. टाळ्या त्याला मिळतात, किंमत आई मोजते. जावई येऊ दे, पण त्याने सहीचा विषय आईकडे पाहूनच काढावा; हसू आले तरी ते तिच्या गप्प बसण्यावर आपटले पाहिजे.

मांडवातल्या अडचणी आहेतच. टांगलेले माईक पंख्यांचा आवाजही उचलतात, त्यामुळे आईची मागच्या बाकावरची हळू वाक्ये निम्म्या लोकांपर्यंत पोचत नाहीत. बाक चार पावले पुढे आणला की काम होते. पालखीनंतर पडदा उघडायला मध्यरात्र होते, तेव्हा सव्वा तासाच्या पहिल्या अंकातून पंधरा मिनिटे कापावीत. तलाठ्याचा प्रवेश सगळाच गेला तरी चालेल.

आईचे काम करणारी अभिनेत्री मात्र अव्वल आहे. हात, कागद, पॅड, सगळे घरच्यासारखे हाताळते. पुढचा प्रयोग गाठायचा असेल तर खांबांच्या पुढची मधली जागा धरा. अंगठा तिथूनच दिसतो.