महायुद्धात गेलेल्या आप्ताचा माग: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची विनामूल्य शोधसेवा

घरातला एखादा माणूस महायुद्धात कामी आला एवढेच ठाऊक असेल आणि तो कोणत्या पलटणीत होता, केव्हा व कुठल्या आघाडीवर गेला हे शोधायचे असेल, तर सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरील शोधसेवेपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही संस्था १९१७ साली इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने स्थापन झाली आणि १९६० मध्ये तिने आजचे नाव घेतले. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या सुमारे १७ लाख लोकांच्या नोंदी तिच्याकडे असून त्यांची स्मशाने आणि स्मारके दीडशेहून अधिक देशांत विखुरलेली आहेत. शोध घेण्यासाठी पैसे लागत नाहीत, खाते उघडावे लागत नाही, आणि लालबागच्या घरात बसून मोबाइलवरही हे काम करता येते.

आमचा शोध आजोबांच्या धाकट्या भावाचा होता. संगमेश्वर तालुक्यातून थोरला भाऊ गिरणीत आला आणि धाकटा फौजेत गेला. त्या काळच्या रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतील कित्येक घरांची अशीच वाटणी झालेली होती. घरात त्यांच्याविषयी ‘ब्रह्मदेशच्या लढाईत गेले’ यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नसे. कागद म्हणाल तर चुलत आजीच्या पेन्शनचे पुस्तक तेवढे राहिले होते, कडा झिजलेले आणि घडीवर चिकटपट्टी लावलेले. मात्र त्यावरचा शिपाई क्रमांक आणि पलटणीचे नाव अजून वाचता येत होते. या दोन गोष्टी हाताशी असल्यामुळेच पुढचे सारे शक्य झाले.

शोधाचा फॉर्म दिसायला सोपा आहे, पण भारतीय नावांच्या बाबतीत तो थोडा समजून घ्यावा लागतो. आपल्याकडील शिपायांचे संपूर्ण नाव पुष्कळदा आडनावाच्या एकाच रकान्यात नोंदलेले असते, त्यामुळे नाव एका चौकटीत आणि आडनाव दुसऱ्या चौकटीत लिहिल्यास अनेकदा काहीच हाती लागत नाही. शिवाय त्या वेळच्या कारकुनांनी कानावर पडले तसे स्पेलिंग केले: पवारांचे पोवार झाले, शिंद्यांचे सिंदे झाले, एकाच्या नावापुढे ‘राव’ लागले तर दुसऱ्याच्या नावातून ते गळाले. म्हणून आधी नावाच्या मागे लागू नये. ‘इंडियन’ फौज निवडावी, कोणते महायुद्ध ते निवडावे, पलटणीचे नाव द्यावे आणि ‘अधिक माहिती’ या चौकटीत जिल्ह्याचे किंवा गावाचे नाव इंग्रजीत टाकावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाव तेव्हा इंग्रजीत ‘म’नंतर एक जास्तीचा एच घालून लिहीत असत आणि दुसऱ्या महायुद्धात तिचा क्रमांक पाचवा होता; नोंदीत ते जुने रूप जसेच्या तसे ठेवलेले आहे. रत्नागिरी जिल्हा आणि पाचवी मराठा अशी जोडी दिल्यावर यादी आटोपशीर होते आणि मग ती एकेक नाव वाचत खाली जाता येते.

आमच्या या चुलत आजोबांची नोंद अशीच सापडली. पद शिपाई, क्रमांक पेन्शनच्या पुस्तकावरचाच, पलटण पाचव्या मराठाची चौथी बटालियन, मृत्यू मार्च १९४४, आणि नाव कोरलेले ठिकाण रंगून मेमोरियल, टाउक्यान. त्याखाली एका ओळीत आईवडिलांची नावे, गाव, जिल्हा आणि शेवटी ‘अमुकचा पती’ असे पत्नीचे नाव. त्यांची मुलगी, म्हणजे माझी आत्या, वडील गेले तेव्हा रांगत होती. आज तिने ऐंशी ओलांडली आहेत. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन ती ओळ वाचली आणि वडिलांच्या नावाआधी आईच्या नावावर बोट ठेवले. जिने जन्मभर कोणापाशी काही मागितले नाही, तिचे नाव परदेशातल्या एका नोंदवहीत इतकी वर्षे नीट जपून ठेवलेले आहे, ही गोष्ट तिला पटायला वेळ लागला. या सेवेचे मोल मला त्या क्षणी पुरते उमगले.

तरीही ही नोंद लढाईचे नाव सांगत नाही, आणि नव्याने शोध घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. स्मारक टाउक्यानला, म्हणजे यांगोनच्या उत्तरेस आहे म्हणून माणूसही तिथेच पडला असे मुळीच नाही. रंगून मेमोरियलवर जवळजवळ २७,००० नावे आहेत. ज्यांची समाधी वा दहनाची जागा माहीत नाही अशा, ब्रह्मदेशाच्या मोहिमेतील भूदलाच्या लोकांची ती नावे आहेत, आणि त्या मोहिमेत आजचे मणिपूर व नागालँडही येते. ज्यांच्या दहनाची नोंद झाली त्या हिंदू आणि शीख शिपायांची नावे वेगळ्या दहन-स्मारकांवर आहेत: इंफाळला ८६८ आणि कोहिमाला ९१७.

लढाई कोणती हे शोधायचे तर तारीख आणि बटालियन एकमेकींशी जुळवावी लागते. मार्च १९४४ मध्ये चौथी मराठा मणिपूरमधील सांगशाक येथे ५० व्या इंडियन पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली होती. कोहिमाकडे निघालेल्या जपानी ३१ व्या डिव्हिजनच्या ५८ व्या रेजिमेंटने २२ मार्चला तिथल्या टेकडीवर हल्ला चढविला. टेकडीवर पाण्याचा साठा नव्हता आणि विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडत होती. अशा स्थितीत ही तुकडी २६ मार्चच्या रात्रीपर्यंत टिकली आणि मग हुकूम आल्यावर वेढा फोडून बाहेर पडली. त्या दिवसांच्या विलंबाचा इंफाळ आणि कोहिमा येथील बचावाला मोठाच उपयोग झाला. शोधाचे निष्कर्ष तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतात. मी चौथ्या बटालियनची यादी उतरवून तारखेप्रमाणे लावली, तेव्हा त्याच दिवसांच्या तारखा एकीखाली एक येत गेल्या आणि प्रत्येकीसमोर रत्नागिरी, सातारा, कुलाबा (आजचा रायगड), कोल्हापूर अशी आपलीच गावे होती. ‘ब्रह्मदेशच्या लढाईत’ गेलेला आमचा माणूस भारताच्या हद्दीत, हिंदुस्थानात घुसू पाहणाऱ्या फौजेला अडविताना पडला, हे ऐंशी वर्षांनी आम्हाला कळले. ते ज्यांना ठाऊक असायला हवे होते अशी बहुतेक माणसे आता हयात नाहीत, याचे वाईट वाटते.

या सेवेची मर्यादा मोठी आहे आणि ती आधीच समजून घ्यावी. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यूच येथे सापडतात. लढून सुखरूप परत आलेला आणि पुढे परळच्या गिरणीत तीस वर्षे काढून गेलेला माणूस येथे मिळणार नाही. त्याच्यासाठी रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहावे लागते. मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे. दुसऱ्या महायुद्धातील पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देत आले आहे, म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करून पाहावी. पलटणीच्या रोजनिशा लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत: आग्नेय आशियाच्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्ध खाते) १७२, इटलीच्या डब्ल्यूओ १७० आणि मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९ या मालिकेत. मात्र रोजनिशीत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते. तिच्यातून पलटणीचा दिवस कळतो, माणसाचा नव्हे.

पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या वंशजांना एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. पद कोणतेही असो, प्रत्येक मृताला सारखाच मान, हे या संस्थेचे मूळ तत्त्व. परंतु युरोपबाहेर ते सर्वत्र पाळले गेले नाही. फ्रान्समधील नव्ह-शापेल स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्यांच्या बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांचे केवळ आकडे कोरण्यात आले. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती पत्करावी लागल्यावर त्यांतले अनेक जण तुर्कांच्या कैदेत मेले. म्हणजे हा अन्याय थेट आपल्या गावांवर झालेला आहे. संस्थेनेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात तो मान्य केला: ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे, नावाने किंवा अजिबातच स्मरण झाले नाही. ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली आणि राहिलेली नावे शोधण्याचे काम हाती घेण्यात आले. माफीने सगळे भरून येते असे मी म्हणणार नाही. पण नोंद नसलेल्या मृताचे नाव पुराव्यासह सुचविण्याची सोय आहे, तेव्हा ज्यांच्या घरी कागद असतील त्यांनी ते पुढे आणलेच पाहिजेत. कुतच्या कैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीची १९१४ ते १९१८ ची युद्धकैद्यांची कार्डेही ऑनलाइन आणि विनामूल्य पाहता येतात.

मुंबईकरांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कोकणातले कित्येक लोक पलटणीत न जाता बोटीवर गेले. सारंग, टिंडेल, खलाशी, आगवाले आणि भंडारी म्हणून राबले आणि बोटीबरोबर बुडाले. व्यापारी नौदलाच्या अशा मृतांची नोंदही हीच संस्था ठेवते. मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातील २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक असून दुसऱ्या महायुद्धातील नामावलीही तेथे आहे. तीच नामावली चितगावलाही ठेवलेली आहे. माणूस ‘बोटीवर असताना गेला’ एवढेच घरात सांगत असतील, तर शोधात भूदलाऐवजी व्यापारी नौदल निवडावे.

पैशांविषयी स्पष्ट लिहितो. वर्गणी घेणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळाने आमच्याकडून पैसे घेऊन जे पान दिले, त्यात या विनामूल्य नोंदीपेक्षा एक अक्षरही अधिक नव्हते. मृताचे नाव आणि स्मारक असलेले प्रमाणपत्र कमिशनच्या पानावरून फुकट उतरवून छापता येते. नोंदवहीच्या मूळ पानाची प्रतही पुष्कळ नोंदींना जोडलेली असते. स्मारकाचे छायाचित्र हवे असल्यास वॉर ग्रेव्ह्ज फोटोग्राफिक प्रोजेक्ट ही स्वयंसेवकांची संस्था अल्प मोबदल्यात ते पाठविते.

संकेतस्थळ उघडण्याआधी मात्र घरातली पत्र्याची पेटी उघडावी. पेन्शनचे पुस्तक, मनीऑर्डरची पावती, डिस्चार्जचा कागद, यांपैकी काहीही चालेल. पहिल्या महायुद्धाचे पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरावी, कारण क्रमांक, पद, नाव आणि पलटण तिच्यावरच ठोकलेली असते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे नसून काशाचे असेल तर तो माणूस लढाऊ शिपाई नसून फौजेबरोबरचा कामकरी होता असे समजावे. मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंच्या दुकानांत अशी पदके विकायला दिसतात, तेव्हा कोणाच्या तरी घरातला एकमेव पुरावा मोडीत निघाला या विचाराने जीव कळवळतो. गावाकडे शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले’ अशी संगमरवरी पाटी असल्यास तिचेही छायाचित्र घ्यावे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, ही गोष्ट अशाच स्मारकामुळे लोकांसमोर राहिली. हाती क्रमांक असेल तर या सेवेकडून उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. केवळ नाव असेल तर तालुक्याचे जुने इंग्रजी स्पेलिंग आधी शोधून ठेवावे आणि मग बसावे.