मिसळीशेजारी पाव दिसला की फोटो बाद

कोल्हापुरात, राजारामपुरीत आमचं वेबसाइटचं छोटं काम आहे. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंच. गिऱ्हाइकं म्हणजे शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, एक गुऱ्हाळ, दोन दवाखाने, रंकाळ्याजवळचं लॉज, एक मिसळवाले आणि चप्पलवाले. यातल्या एकानंही कधी फोटोंसाठी वेगळे पैसे धरलेले नसतात. "गुगलवरनं घ्या की ओ, तिथं लई असतात," एवढ्यावर विषय संपतो.

आम्ही ते बंद केलं त्याला चौदा महिने झाले. एका दवाखान्याची जुनी साइट नव्यानं करायला आमच्याकडं आली होती. आधीच्या डिझायनरनं रक्तदाब मोजायच्या यंत्राचा एक फोटो कुठून तरी उतरवून लावला होता. डॉक्टरांना परदेशातून मेल आला : फोटो आमच्या अशिलाचा आहे, परवाना दाखवा नाहीतर पैसे भरा. आकडा युरोत. डॉक्टरांना वाटलं लॉटरीवाल्यांसारखी फसवणूक असेल, म्हणून त्यांनी दोन मेल कचऱ्यात टाकले. तिसरा मला दाखवला. शोधल्यावर कळलं की फोटो 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाच्या परवान्याचा होता. म्हणजे वापरायला मोकळाच, फक्त खाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना लिहायचा होता. ती एक ओळ नव्हती. या परवान्याची ४.० ही आवृत्ती असती, तर चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली की परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. आमचा फोटो जुन्या आवृत्तीतला निघाला. शेवटी वकिलाकरवी घासाघीस करून निम्म्यात मिटलं.

त्यानंतर पहिले तीन महिने आम्ही बहुतेक फुकटच्या साइटवर काढले : अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे. तिन्हींवरचे फोटो धंद्याच्या साइटला चालतात, नाव द्यायची सक्ती नाही. मात्र परवाना छायाचित्रकाराच्या हक्कापुरता असतो. फोटोत ओळखू येणारा माणूस असेल, कुणाच्या कंपनीचं चिन्ह असेल, तर त्यांची परवानगी त्यात आपोआप येत नाही. त्यामुळं दवाखान्याच्या साइटवर 'आमचे समाधानी रुग्ण' म्हणून कुठल्या तरी परक्या बाईचा हसरा चेहरा लावणं आम्ही सोडून दिलं. हात, स्टेथोस्कोप, खिडकीतलं ऊन, लाकडी टेबल, असल्या फोटोंसाठी या साइट उत्तम. पिक्साबेनं २०१९ मध्ये आणि अनस्प्लॅशनं २०१७ मध्ये आपला परवाना बदलला, म्हणून फोटो उतरवतानाच त्या दिवशीच्या परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. दहा सेकंदांचं काम आहे.

फुकटच्या फोटोंची खरी अडचण वेगळी. चांगला म्हणून जो तुमच्या नजरेत भरतो, तो सगळ्यांच्याच नजरेत भरलेला असतो. हेडफोन लावलेली एक मुलगी आम्ही एका क्लासच्या साइटला लावली. आठवड्यानं क्लासवाल्या सरांचा फोन : "ही पोरगी समोरच्या क्लासच्या बोर्डावर पण हाय." आता फोटो पक्का करण्याआधी तो आणखी कुठं लागलाय का, ते गुगल लेन्समध्ये टाकून बघतो.

चौथ्या महिन्यात फोटो विकणाऱ्या एका साइटची वर्गणी घेतली. साइटचं नाव घेत नाही, मोठी आहे. महिन्याला १० फोटो, जीएसटी धरून साधारण २५०० रुपये. म्हणजे फोटोमागं २५०, स्वस्त वाटतं. 'मासिक' हा शब्द वाचून आम्ही सही केली. ती वर्षाची बांधणी होती, पैसे फक्त महिन्याला कापले जाणार होते. सहाव्या महिन्यात बंद करायला गेलो तर उरलेल्या रकमेचा निम्मा भाग दंड म्हणून मागितला. म्हटलं, मग फोटो तरी घेऊ, आणि वर्ष पुरं करायचं ठरवलं. परवा हिशोब काढला. वर्षात १२० फोटोंचा हक्क होता. उतरवले ८३. प्रत्यक्ष साइटवर लागले ३७. ३०,००० भागिले ३७ : फोटोमागं ८०० च्या वर. त्याआधी एकदा पाच फोटोंचा सुटा पॅक घेतला होता तेव्हा फोटोला ७०० रुपये पडले म्हणून आम्ही नाकं मुरडली होती, आणि त्यातले पाचही फोटो आजही साइटवर आहेत.

ज्यांना दर आठवड्याला सोशल मीडियाच्या पोस्ट करायच्या असतात त्यांना वर्गणी परवडत असेल. महिन्याला एक-दोन साइट करणाऱ्यानं सुटा पॅक घ्यावा. 'हवे तितके उतरवा' अशा वर्गणीत तर अटी दोनदा वाचा. काही ठिकाणी वर्गणी संपली की जुना फोटो नव्या कामात वापरता येत नाही.

'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे, हे तर गिऱ्हाइकाला दर वेळी सांगावं लागतं. एकदा पैसे दिले की प्रत्येक वापराला पुन्हा द्यावे लागत नाहीत, एवढाच अर्थ. वेबसाइट कितीही जणांनी बघितली तरी चालते. छापायचं असेल तर शटरस्टॉक, आयस्टॉक, अडोबी स्टॉक या फोटो विकणाऱ्या साइटच्या साध्या परवान्यात पाच लाख प्रतींची मर्यादा आहे. आपल्या चपलेच्या खोक्याला ती कधी आडवी येणार नाही. आडवा येतो तो 'एडिटोरियल' शिक्का. लॉजसाठी रंकाळ्याचा संध्याकाळचा झकास फोटो सापडला होता, पैसे भरायच्या बेतात होतो, तेवढ्यात खालची बारीक ओळ भावानं वाचली : फक्त संपादकीय वापरासाठी. म्हणजे बातमीला चालेल, लॉजच्या जाहिरातीला नाही.

आता कोल्हापूरच्या मालाचं. मिसळ शोधली की पावाची जोडी घेऊनच मिसळ येते. आमच्या गिऱ्हाइकानं पहिला फोटो बघूनच लॅपटॉप मिटला. "आमच्याकडं ब्रेड असतोय. पाव दिसला तर गावातली माणसं हसतील." कटाचा रंगही फिका. फाउंड्री शोधा, चंदेरी अंगरखे घातलेले युरोपातले कामगार येतात. भारतीय चेहरे हवे असतील तर इमेजेसबाजार बघावं, २००६ पासूनचा संग्रह आहे, पण तिथंही ऑफिस, घर, सण हेच जास्त. एआयनं बनवलेली चित्रं आता इतकी मिसळली आहेत की अडोबी स्टॉकवर ती वगळायचा फिल्टर मी आधीच लावून ठेवतो. एका चित्रातला ऊस पेरापेरानं बघितला तर सरळ बांबू होता.

गुळाची तर तऱ्हाच. पैसे भरून घेतलेला एक सुरेख तपकिरी खड्यांचा फोटो गुऱ्हाळाच्या मालकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "ह्यो ताडाचा गूळ हाय बाबा. आपला रवा कुठं हाय?" रवा म्हणजे गुळाची ढेप. ते पैसे गेले.

मग लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या एकाला विचारलं. तुळशीचं लग्न झालं की तो कुणाच्या हाताला लागत नाही, आणि गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात. मधल्या आठ-दहा दिवसांत एक पहाट मिळाली. अर्ध्या दिवसाचे ४००० ठरले. पहाटेच्या गारठ्यात काहिलीवरची वाफ छपरापर्यंत चढते आणि चुलवाणातल्या जाळाचा उजेड खालून तिच्यावर पडतो. नऊ वाजता तीच वाफ फोटोत दिसतसुद्धा नाही. निवायला पसरट वाफ्यात ओतलेला गूळ, साच्यातले रवे, चिपाडाचा ढीग, मालकांचे हात : कामाचे ५२ फोटो मिळाले. भागाकार तुम्ही करा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. तरी आम्ही अर्ध्या पानावर लिहून घेतलं. फोटोत दिसणाऱ्यांच्याही सह्या घेतल्या. गुळव्या मामांनी पेन हातात घेऊन तीनदा विचारलं, "जमिनीचा कागद न्हाई न्हवं?"

सध्या आमची पद्धत अशी : टेबल, आकाश, यंत्राचे भाग फुकटच्या साइटवरून, एखादा मोठा मुखपृष्ठाचा फोटो सुट्या पॅकमधून, माल आणि माणसं इथलीच. कोटेशनमध्ये 'फोटो' ही ओळ वेगळी लिहितो. निम्मी गिऱ्हाइकं अजूनही ती खोडतात. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला संपते, मोबाइलवर गजर लावलाय. मिसळवाल्यांचं शूट रविवारी सकाळी सातला आहे, गर्दी व्हायच्या आत.