मॅनिला रोडचा क्रिस्टल लॉजिक: घ्यायचा तर एलपीच घ्या

आयर्न मेडन, मेटालिका असे हेवी मेटलचे मोठे बँड सगळे ऐकून झाले अन् आता पुढे काय असं ज्याला वाटते त्याने मॅनिला रोड या मेटल बँडचा 'क्रिस्टल लॉजिक' हा अल्बम घ्यावा, अन् परवडत असेल तर एलपीच, म्हणजे सुईवर वाजणारा काळा रेकॉर्डच घ्यावा. मी हिंगणघाटकडच्या एका खेड्यात राहतो, इथे मेटल ऐकणारा दुसरा माणूस नाही, त्यामुळे हा बँड मला कोणी सांगितला वगैरे भानगड नाही. रात्रीची लाईन होती, ओलीत सुरू होतं, मोटर लावून धुऱ्यावर बसलो होतो अन् मोबाईलवर एकामागून एक गाणी आपोआप लागत होती, त्यात 'नेक्रोपोलिस' लागलं. छोटंसं गाणं आहे, रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, सुरू झाली की धावतच सुटते, अन् गाणारा असा नाकातून गातो की आधी वाटलं मोबाईलचा स्पीकर गेला का काय. परत लावलं. पाणी दुसऱ्या तासात पलटवायला उठलो तेव्हाही तेच सुरू होतं.

मग रात्रभर वाचत बसलो. बँड अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला, विचिटा गावचा, 1977 ला सुरू झालेला. कॅन्सस म्हणजे गव्हाचा अन् गुराढोरांचा मुलूख. मेटलवाले तेव्हा लॉस एंजेलिसला पळत होते, हे लोक आपल्या गावीच राहिले अन् रोडस्टर रेकॉर्ड्स नावाचं स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढून रेकॉर्ड छापले. क्रिस्टल लॉजिक 1983 चा, त्यांचा तिसरा. गिटार अन् आवाज मार्क शेल्टनचा, बेसवर स्कॉट पार्क, ड्रमवर रिक फिशर. तीनच माणसं! शेल्टन 2018 मध्ये जर्मनीत एका फेस्टिवलला वाजवून झाल्यावर वारला, साठ वर्षांचा होता. मला बँड सापडला तेव्हा तो माणूस जगात नव्हता याचं मला खरंच वाईट वाटते.

आता आवाजाबद्दल, कारण अर्धे लोक तिथेच सोडून देतात. सोडू नका. आपल्याकडे गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात एखादा म्हातारा खंजिरीवर असा ताणून गाते की सूर गोड नसला तरी मंडपातला माणूस उठत नाही, शेल्टन त्याच जातीचा गाणारा आहे. त्याला राजे, तलवारी, मेलेली शहरं, जगाचा शेवट असलं सगळं सांगायचं आहे अन् तो ते पूर्ण विश्वासाने सांगतो. गुळगुळीत आवाजात हे जमलंच नसतं.

एलपी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मागवला, बाहेरून आलेलं रीइश्यू, म्हणजे नंतर परत छापलेलं आहे, कुरिअर धरून साडेतीन हजाराच्या आसपास पडला. आई म्हणे, "काहून रे बाप्पा, एवढ्यात तं पराटीच्या (कापसाच्या) बियाण्याच्या चार थैल्या आल्या असत्या." हिशोब तिचा बरोबरच आहे, पण मी तेवढ्यासाठीच पैसे बाजूला ठेवले होते. पॅकिंग मात्र भिकार होतं, पातळ पुठ्ठा, कव्हरचा एक कोपरा चेपून आला. रेकॉर्ड वाचला ते नशीब. मागवताना आधीच सांगा की दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लाव बाबा.

पण सुई टेकली की हे सगळं विसरायला होते. मोबाईलवर जी गिटार पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजते तिला इथे जाडी आहे, बेस वेगळा कळते, ड्रमच्या मागची रिकामी खोली ऐकू येते. कमी पैशातलं रेकॉर्डिंग आहे, अन् ते तसंच ठेवलं हे चांगलं केलं. पहिल्या बाजूवर 'फीलिंग फ्री अगेन' जरा रेडिओवाल्यांसाठी केल्यासारखं आहे, मला ते नाही आवडत. त्यानंतरचं 'द रिडल मास्टर' ऐका, जड जड पावलं टाकत येते.

खरा माल दुसऱ्या बाजूला. शेवटचं 'ड्रीम्स ऑफ एस्कॅटन' दहा मिनिटांच्या वरचं, शांत गिटारने उघडते अन् हळूहळू असं चढत जाते की मग शेल्टनचा सोलो थांबूच नये वाटते. एक सांगून ठेवतो, रेकॉर्डच्या आतल्या गोलाला सुईला एका चकरीत अंतर कमी मिळते, बाहेरच्या काठाच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे शेवटच्या गाण्याची वरची धार थोडी बोथट होते अन् सुई घासलेली असली तर खरखर येते. हा रेकॉर्डचा दोष नाही. सुई चांगली बसवा, टोनआर्मचं, म्हणजे सुईच्या दांडीचं, वजन नीट जुळवा, बराच फरक पडते.

आपल्या भागासाठी अजून काही गोष्टी. घरात कापूस भरलेला असला की रुई हवेत उडत राहते अन् हिवाळ्यात रेकॉर्ड करंट (स्थिर वीज) धरतो, काळ्या चकतीवर पांढरे तंतू असे चिकटतात की फुंकून निघत नाहीत. कार्बन फायबरचा ब्रश घ्याच, कापडाने पुसू नका, चरे पडतात. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमधून घूं येते, म्हणून लाईन असतानाच लावा. अन् एप्रिल-मे मध्ये मागवू नका, आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जाते, पार्सल बंद गाडीत दिवसभर तापलं तर रेकॉर्ड वाकडा होऊन येईल. रेकॉर्ड उभे ठेवा, टिनाच्या खोलीत तर बिलकुल नको.

त्यांचा पुढचा अल्बम 'ओपन द गेट्स', 1985 चा, त्यात ड्रमवर रँडी फॉक्स आला अन् बँड अजून मोकाट झाला. कापूस विकला गेला की तोच मागवणार आहे. कोणाकडे त्याचा चांगला प्रेस, म्हणजे चांगली छापलेली प्रत, असेल तर सांगा.